आरशातला डावा हात

डाव्या हाताचा तळवा. हवेत. धुतलेला, तरी बोटांच्या फटीत जोंधळ्याचं पीठ राहिलेलं.

दीड फूट उंच, फूटभर रुंद आरसा. मागं तपकिरी पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं: सलून.

कोहिनूर गावाला शेताच्या बांधाकडेला वीतभर मातीचा उंचवटा आहे. त्याखाली माणूस नाही.

"आधी?" "आठ." "नंतर?" "तीन."

तुरीच्या डाळीची धूळ पिवळी असते. ती कानात बसते, आणि आंघोळ झाल्यावरही उशीवर उतरते.

कासार म्हणतो, अक्का, अंगठा आत घ्या, हात सैल सोडा, तुमचा न्हाईच असं समजा.

यातलं पहिलं सोमवारी सकाळी घडलं, आणि घडलं म्हणजे काहीच घडलं नाही. दानेश्वरी रोजच्यासारखी आंघोळ करून नवऱ्यासमोर पाटावर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि तिनं डावा हात पुढं केला. सहा महिने ती हेच करत आली होती. नागेंद्र गळ्यातली चांदीची डबी काढायचा, ती डबी उघडून धरायची, तो आतलं इष्टलिंग उचलून तिच्या तळहातावर ठेवायचा. मग उजव्या हातानं भस्म, पाण्याचा थेंब, एक फूल. मग बघत बसणं. वीस मिनिटं, कधी पंचवीस. त्या सोमवारी तिचा हात पुढं गेला आणि तिथंच राहिला. नागेंद्रनं डबी गुडघ्यांमध्ये धरली, अंगठ्याच्या नखानं फट शोधली आणि स्वतःच उघडली. हे त्यानं कधी शिकून घेतलं, तिला माहीत नव्हतं. लिंग त्यानं दोन बोटांत उचललं, मनगट वळवलं, ते घरंगळत त्याच्याच उजव्या तळव्यात आलं. मग तो डावीकडं झुकला, चौरंगावर उभ्या केलेल्या आरशाकडं.

"आज ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी आरशात घेतो."

"आरशात काय घेता?"

"पूजा. बघ की. आरशात डावाच हाय."

तिनं बघितलं. आरशात डावा होता. लिंग त्याच्या डाव्या तळहातावर होतं, लहानपणी जंगम अय्यांनी गळ्यात बांधल्यापासून जिथं होतं तिथं. "तू ऊठ की," तो म्हणाला, वाईट सुरात नाही, चहा नको म्हणताना म्हणतो तशा सुरात. "भाकरी राहिल्या असतील तुझ्या." ती उठली. तिचा हात मात्र थोडा वेळ मागंच राहिला, असं तिला वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं तो पिठात घातला तेव्हा परत आला.

जानेवारीत, तुरीच्या हंगामात, गुलबर्ग्याच्या डाळमिलमध्ये नागेंद्रची डावी बाही मशीनच्या पट्ट्यात गेली. बाहीच्या मागं हात गेला. डॉक्टरांनी कोपराच्या खाली चार बोटं सोडून बाकीचा काढला. दीर वीरेशनं तो पांढऱ्या कापडात गुंडाळून कोहिनूरला, गावी, पुरायला नेला, कारण आपल्या लिंगायतांत जाळत नाहीत, आणि टाकून तर देता येत नाही. दानेश्वरी तेव्हा दवाखान्यात होती. तिनं तो कापडातला हात बघितला नाही. दोन्हीकडचे लोक तिला विचारत, तू बघितलीस का, जशी काही ती परगावची पाहुणी होती आणि तोंड बघायचं राहून गेलं होतं. मग दहाव्या-बाराव्या दिवशी नागेंद्र पहाटे ओरडत उठला. मूठ. मूठ आवळली गेलीय, नखं तळव्यात रुतायलीत, कुणीतरी उघडा. ज्या जागेकडं तो दाखवत होता तिथं चादर सपाट होती. सासू, चन्नव्वा, कोहिनूरहून आली ती हेच धरून बसली.

"मूठ आवळूनच पुरलास व्हय रे?" तिनं वीरेशला विचारलं.

"कापडात होता की अव्वा. कोण सोडून बघतंय?"

"बघायचं होतं. भस्म तरी लावलास का?"

"लावलो की."

"कुठं?"

वीरेशनं चादरीचं टोक सरळ केलं. मग म्हणाला, "कापडावर."

चन्नव्वाचं ठरलं की हात उकरून काढायचा, बोटं सरळ करायची आणि परत पुरायचा. वीरेश म्हणाला, आता काय बोटं राहिली असतील अव्वा. नागेंद्र भिंतीकडं तोंड करून पडला होता. दानेश्वरीला त्या क्षणी जे वाटलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, सगळं घर एका हाताभोवती बसलंय. जो हात इथं नाही त्याची बोटं कशी आहेत, त्याला भस्म लागलं का, तो गार पडला असेल का. आणि तिचे दोन्ही हात सकाळपासून भांड्यात आहेत, त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. असं वाटणं बरं नव्हतं. तिला ते कळत होतं. कळल्यामुळं ते कमी झालं नाही.

हे वाटणं तिच्या जुन्या ओळखीचं होतं. मेहकरला, माहेरी, अप्पा दर सोमवारी थोरल्या रत्नम्माची नखं कापायचे. ओट्यावर उन्हात बसून, ब्लेडनं, एकेक बोट हातात धरून, फुंकर मारून. रत्नम्माला ब्लेडची भीती वाटायची म्हणून. दानेश्वरीला भीती वाटत नव्हती, ती सहाव्या वर्षापासून आपली आपण कापायची, आणि अप्पा चारचौघांत तिचं कौतुक करायचे की ही धीट आहे, हिला बघावं लागत नाही. एका सोमवारी तिनं ब्लेड मुद्दाम आत जाऊ दिलं. रक्त बरंच आलं. निंगप्पा, तिचे अप्पा, उठून आले, बोट धरलं, हळद दाबली, चिंधी बांधली. किती वेळ धरलं? ती आजही सांगू शकते. अंगणातली सावली ओट्याच्या पहिल्या फरशीवरून दुसऱ्या फरशीवर येईपर्यंत. मग ते म्हणाले, आता तू बी रत्नीसारखी भित्री झालीस, आणि रत्नम्माचा राहिलेला हात घेऊन बसले.

अय्या आले ते फेब्रुवारीत. नागेंद्रनं पूजा सोडली होती. लिंग डाव्या हातावर घ्यायचं, उजव्या हातानं पूजा करायची, आता एकच हात. घ्यायचं कशावर आणि करायचं कशानं? चन्नव्वा म्हणत होती ताटलीत ठेव, वाटीत ठेव. तो म्हणत होता, चाळीस वर्षं जे हातावर घेतलो ते भांड्यात ठिवू व्हय? अय्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला, मग म्हणाले, "घरात दुसरा डावा हात हाय की न्हाई?" सगळ्यांनी दानेश्वरीच्या हाताकडं बघितलं. तिच्याकडं नाही, हाताकडं. चन्नव्वा म्हणाली, "अय्या, दुसऱ्याचं लिंग हातात घेत न्हाईत म्हणत्यात. तिचं तिच्या गळ्यात हाय की." अय्या उठता उठता म्हणाले, "नवराबायकोत दुसरं कोण असतंय, चन्नव्वा?" आणि चप्पल शोधायला लागले.

पहिल्या दिवशी तिनं डावा हात उजव्या हातानं खालून धरला. लिंगाला वजन असं फार नसतं, एखाद्या कच्च्या लिंबाएवढं, पण ते गार असतं आणि मग हळूहळू गरम होतं. किती वेळात गरम होतं हे तिला पाठ झालं. काळं, गुळगुळीत, समोरच्या समईचा एक ठिपका त्यात स्थिर, आणि ठिपक्यात बघणारा तो. पापणी न हलवता. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मुलगी बीदरला होस्टेलवर शिकत होती, आणि या अठरा वर्षांत या माणसानं तिच्या कुठल्याही अवयवाकडं सलग वीस मिनिटं बघितलं नव्हतं. तिला पक्कं माहीत होतं की तो तिच्याकडं बघत नाही. तो जिकडं बघत होता ते तिच्या हातावर होतं, एवढंच. पण पाण्याचा थेंब ओघळून तिच्या मनगटावर यायचा तो तिच्याच मनगटावर यायचा. त्याचा श्वास तिच्या बोटांना लागायचा. दंडात कळ यायची, खांदा बधिर व्हायचा, तरी ती हलत नसे. त्याला जेवढं दुखतं तेवढं आपल्यालाही दुखावं असं काही नव्हतं तिच्या मनात. तिला फक्त हात खाली घ्यायचा नव्हता. कासाराकडं बसलं की तो हात हातात घेऊन दाबतो, बोटांची हाडं एकावर एक आणतो आणि बांगडी चढवतो, पण त्याचं लक्ष बांगडीकडं असतं. इथंही लक्ष दुसरीकडंच होतं. तरी कासाराकडून येताना ती कधी रस्ताभर आपला हात पदराखाली धरून चालली नव्हती. आता घरातल्या घरात ती तसं करायला लागली.

ऑगस्टमध्ये आरसा आला.

खरं तर आधी मल्लेश्वरी मॅडम आल्या. दवाखान्याच्या तळमजल्यावर, फिजिओथेरपी असं लिहिलेल्या खोलीत. लहानशा, चष्मा लावणाऱ्या, गुलबर्ग्याच्याच, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणाऱ्या. चन्नव्वानं फोनवर सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "बाई तरणी हाय म्हणतीस. तू सोबत जात जा गं." दानेश्वरी सोबत जात होतीच. मॅडमवर जळायला तिला सवडच मिळाली नाही. मॅडमनी टेबलावर आरसा उभा केला, नागेंद्रचा थोटा हात आरशाच्या मागं ठेवला, उजवा पुढं. उजव्या बोटातली अंगठी काढायला लावली, मनगटाचा दोरा सोडवला. "आरशातला हात तुमचा वाटायला पायजे, अण्णा. डाव्या हातात अंगठी होती का? न्हाई ना? मग." मग म्हणाल्या, आता इकडं बघा, आरशात. मूठ करा. हळू. दोन्ही हातांनी करायलोय असं समजा. आता उघडा. एकेक बोट.

नागेंद्रचं तोंड बघण्यासारखं झालं. दानेश्वरीनं ते बघितलं आणि नंतर विसरायचा प्रयत्न केला. अठरा वर्षांत तिनं ते तोंड बघितलेलं नव्हतं, मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही. ओठ उघडे. तो म्हणाला, "उघडली." मग आणखी हळू, कुणाला जाग येऊ नये असं, "उघडली की." मॅडमनी मान हलवली आणि हे नेहमीचंच आहे अशा आवाजात सांगितलं की डोक्याला फसवायचं असतं, डोळ्यांनी बघितलं की डोकं मानतं, रोज पंधरा मिनिटं, घरीच. आणि एक वही. बसायच्या आधी किती दुखतंय, शून्य ते दहा, उठल्यावर किती. "अक्का, तुमी लिहीत जा. त्यांचा एकच हात हाय, तो आरशात असणार." वीरेशनं एका न्हाव्याच्या सामानातून आरसा आणला, मागं प्लायवूडचा टेका ठोकून दिला.

ती उजवीकडं बसायची, त्याच्या उजव्या हाताच्या पलीकडं, गुडघ्यावर वही घेऊन. डावीकडं बसलं तर फक्त पुठ्ठा दिसायचा. उजवीकडून तिला तो जे बघतोय ते दिसायचं. बोटं पसरणं. मिटणं. अंगठा करंगळीला लावणं. पंजा पालथा घालणं. आरशातला हात सुंदर होता, हे तिला कबूल करावं लागलं. खऱ्या उजव्या हातावर स्पॅनरची जुनी खूण होती, नखं पिवळी होती, तेच सगळं आरशात गेल्यावर परकं आणि जपलेलं दिसायचं, कुणाच्या तरी घरून पाहुणा आल्यासारखं. तो त्या हाताशी बोलायचा. कानडीत, हलक्या आवाजात, निधान, निधान, म्हणजे हळू, हळू, बैलाला चढावर सांगतात तसं. तिच्याशी तो मराठीत बोलायचा, कामापुरतं. "आधी?" "आठ." "नंतर?" "पाच." दुसऱ्या आठवड्यात चार. मग तीन. तो झोपायला लागला. त्याला भूक लागायला लागली. चन्नव्वा फोनवर म्हणाली, हात उकरायचं राहू दे मग, मूठ तिकडं आपोआप सुटली असंल.

आणि मग तो सोमवार. आणि मंगळवारी तिनं म्हटलं, बरं, आरशात घ्या, पण भस्म कोण लावणार, फूल कोण वाहणार. तिनं भस्माची वडी घेतली, हात पुढं केला. तिची बोटं त्याच्या उजव्या तळव्यावर आली तेव्हाच ती आरशातही आली, उलट्या बाजूनं, बांगड्यांसकट. नागेंद्रनं हात मागं घेतला. झटकन. चटका बसल्यासारखा.

"तुझा हात मधी आला की मोडतंय," तो म्हणाला.

"काय मोडतंय?"

"हात."

तिनं वडी ठेवून दिली. नंतर तो भस्म आधीच लावून घ्यायचा, लिंग डबीत असतानाच. फुलाची गरज नाही, म्हणाला, बघणं हीच पूजा. एक बाई सवत असती तर तिला नाव असतं, गाव असतं, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवता आली असती. तिच्या केसात पांढरं शोधता आलं असतं. हा हात त्याचाच होता. नव्हताही. तो कोहिनूरला बांधाकडेला होता आणि चौरंगावर आरशातही होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. भांडी घासताना ती आपल्या डाव्या तळव्याकडं बघायची. मधोमध एक जागा होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी, जिथं सहा महिने लिंग बसलं होतं. तिथं काही खूण नव्हती. ती तिथं अंगठा दाबून बघायची.

बुधवारी "नंतर?" असं विचारल्यावर तो "तीन" म्हणाला आणि तिनं पाच लिहिलं. हात चुकला असं ती स्वतःला म्हणाली. खोडायला रबर नव्हतं. गुरुवारी तीनचं सहा. मग तिला कळलं की हे चुकणं नाही. एकदा कळल्यावर सोपं गेलं. रोज सकाळी ती बॉलपेननं शांतपणे लिहायची, आधी आठ, नंतर सात. आधी सात, नंतर आठ. आठचा आकडा ती इंग्रजी काढायची, दोन गोल एकावर एक, दोन्ही सारखे यावेत म्हणून हात न उचलता. वहीतला माणूस दुखण्यानं तळमळत होता. समोरचा माणूस आरशात बोटं पसरून गालातल्या गालात हसत होता. दोघांपैकी कुणाला आपली जास्त गरज आहे, हे तिला माहीत होतं.

महिन्यानं मॅडमनी वही बघितली. आधी उभ्यानं, मग बसून. "हे काय झालं अण्णा? सुरुवात चांगली होती. आता उलटं चाललंय." त्यांनी पानं मागं-पुढं केली. "काही लोकांना आरसा चालत न्हाई. जास्त होतंय त्यांना. तुमाला बसताना मळमळ होती का? चक्कर?" नागेंद्र वहीकडं बघत होता. दानेश्वरी खिडकीकडं. खिडकीत एका टोपलीत रबरी चेंडू होते, हिरवे, पिवळे, मऊ, पकडायचा सराव करायला. तिनं ते मोजले. अकरा. नागेंद्रनं वही एका हातानं मिटली. मग म्हणाला, "वहीत हाय तसंच असंल, मॅडम."

"तुमाला कसं वाटतंय ते सांगा की."

"ती रोज लिहिती. तिला म्हाईत."

आरसा बंद झाला. दोन आठवडे ठेवून द्या, मग परत बघू, असं ठरलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, झोप येईल म्हणाले. सिटी बसमध्ये नागेंद्र खिडकीशी बसला, ती शेजारी, त्याच्या डाव्या बाजूला, मोकळी बाही तिच्या मांडीवर पडलेली. सुपर मार्केट आलं. मग त्यानं विचारलं, घरात मूग हायत का. ती व्हय म्हणाली. घरी आल्यावर तिनंच आरसा जुन्या धोतरात गुंडाळला आणि कपाटामागं सरकवला, पुठ्ठा बाहेरच्या बाजूला. तिला आनंद झाला होता का? झाला होता. लपवण्यासारखा, पोटात गरम.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं.

गार. मग हळूहळू गरम. सगळं परत जागेवर. थेंब, भस्म, फूल. त्याचा श्वास तिच्या बोटांवर. पण पाचव्या मिनिटाला त्याच्या कपाळावर घाम आला, दाढेत दाढ बसली, आणि मोकळी बाही आपोआप वर उचलली गेली, आतल्या थोट्यानं. मूठ बंद झाली होती. तिला ती दिसत नव्हती तरी दिसली. त्यानं बघणं सोडलं नाही. तिनं हात खाली घेतला नाही. असे दहा दिवस. रोज गोळी, रोज गोळीनंतरची जड जीभ, दुपारी खुर्चीत कलंडलेलं डोकं. ती त्याला वहीबद्दल विचारत नव्हती, कारण वही आता लागत नव्हती, पण मनातल्या मनात ती आकडे लिहीत होती, आणि ते वाढवायची गरज पडत नव्हती.

अकराव्या सकाळी तो तिच्या तळहाताकडं बघता बघता झोपला. बसल्या जागी, हनुवटी छातीवर, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. लिंग तिच्या हातावर होतं. ती हलली नाही. समई होती, काळ्या गोलात ठिपका होता, ठिपक्यात बघणारं कुणी नव्हतं. तिचा हात दुखत होता, आणि ते दुखणं पहिल्यांदाच तिला नुसतं दुखणं वाटलं, खांद्यातलं, स्नायूतलं, कुणालाही होईल तसं. किती वेळ गेला? बाहेर भाजीवाली येऊन गेली. नळाचं पाणी आलं आणि बादली भरून वाहायला लागली, तिला आवाज येत होता. त्यानं डोळे उघडले तेव्हा आधी तळहाताकडं बघितलं, लिंग जागेवर आहे का म्हणून. मग तिच्याकडं.

"मी तीन म्हणलतो," तो म्हणाला. गोळीनं आवाज घोगरा. "तू आठ लिहिलीस."

तिला वाटलं, आपण हात खाली टाकू. टाकता येत नव्हता.

"कधी बघितलात?"

"रोजच. तू उजवीकडं बसायचीस की. वही आरशात दिसायची. बाकीचे आकडे उलटे दिसत्यात, वाचायला येत न्हाईत पटकन. आठ आरशात बी आठच दिसतो."

"मग मॅडमला कामून सांगितला न्हाईत?"

"काय सांगू? माझी बायको खोटं लिहायलीय म्हणू?" त्यानं लिंग तिच्या हातावरून उचललं, डबीत ठेवलं, डबी बंद केली. सगळं एका हातानं. "मला वाटलं चार दिवसांत कंटाळशील. तू लय नेटाची निघालीस." तो हसला की तोंड वाकडं झालं, तिला कळलं नाही. मग डोळे मिटून म्हणाला, "कामून केलीस गं?"

तिच्याजवळ उत्तर होतं. त्या हाताकडं तुमी जसं बघता. एवढंच होतं ते, पाच शब्द, आणि मोठ्यानं म्हटलं असतं तर एखाद्या शाळकरी पोरीनं म्हटल्यासारखं झालं असतं, चाळिशीच्या बाईनं. ती म्हणाली, "बादली वाहायलीय," आणि उठली. नळ बंद केला. मोरीत उभी राहिली. हाताला मुंग्या आल्या होत्या, तो झटकला. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी त्यानं अकरा दिवस मूठ आवळून घेतली होती, तिच्यासमोर, तिच्या हातावर. हे तिच्यासाठी होतं का? का बायकोचं खोटं चारचौघांत उघडं पडू नये म्हणून, घराच्या अब्रूसाठी, जसं त्यानं कुणासाठीही केलं असतं? तिला ठरवता येईना. ठरवता येत नाही याचाही तिला राग आला.

मग तिनं कपाट ओढलं, धोतर सोडलं, आरसा पुसला. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. स्वतःचं तोंड मधे येत होतं, ते बाजूला घेत घेत पुसला. चौरंगावर उभा केला, टेका नीट बसला की नाही ते हलवून बघितलं. "बसा," ती म्हणाली. "आज गोळी घेऊ नका. मॅडमला मी सांगते, आकडे चुकले म्हणून."

"चुकले म्हणणार?"

"मी चुकवले म्हणते."

अंगठी काढायला त्यानं बोट तिच्यापुढं धरलं, कारण ते एका हाताला जमत नाही. तिनं ती फिरवून काढली, साबण न लावता, आणि आपल्या पदराला बांधली. थोटा हात आरशाच्या मागं गेला. उजवा पुढं आला. ती या वेळी उजवीकडं बसली नाही. डावीकडं बसली, पुठ्ठ्याच्या बाजूला, जिथून आरशातलं काही दिसत नाही. इथं फक्त थोटा होता, शिवणीची रेघ पांढरी पडलेला, आणि तो हलत होता, अगदी थोडा, कुणीतरी आतून बोटं उघडत असल्यासारखा. पलीकडून त्याचा आवाज आला, निधान, निधान. तो तिच्याशी नव्हता. तिनं वही उघडली.

"आधी?"

"नऊ."

पंधरा मिनिटं ती थोट्याकडं बघत बसली. तिकडं बघणारं ती सोडून कुणी नव्हतं.

"नंतर?"

"चार," तो म्हणाला. मग थांबून, "पाच लिही. चार-पाच."

तिनं चार लिहिलं. तिला तो आकडा आवडला नाही. तिनं तो तसाच राहू दिला.

जानेवारीत नागेंद्रचा हात गेला त्या दिवसापासून दानेश्वरीनं स्वतःच्या गळ्यातलं लिंग पूजेसाठी एकदाही बाहेर काढलं नव्हतं, आणि तसं का हे कुणी विचारलं नव्हतं, तिनंही नाही.